सातबाऱ्यावरच्या देवास

देवा, कायद्याच्या लेखी तू अज्ञान आहेस. रागावू नकोस, हे मी म्हणत नाही, कोर्टं म्हणतात, आणि इंग्रजांच्या काळापासून म्हणत आलीत. तुला मालमत्ता धारण करता येते, तुझ्या नावानं दावा दाखल होतो, तुझ्यावरही होतो. पण अज्ञान वारसाची सही जशी चालत नाही, तशी तुझीही चालत नाही. सही करायला कुणीतरी पालक लागतो. नारायणगावच्या पुढं, मीना नदीच्या अंगाला तुझं जे लहानसं देऊळ आहे, तिथली ती सही सध्या मी करतो. तुझी थोडी जमीन आहे. सातबारा काढला की त्यावर तुझं नाव येतं, देवस्थान इनाम वर्ग ३ असा शेरा येतो, आणि वहिवाटदार म्हणून पुजाऱ्याच्या घराण्याचं नाव येतं.

या मुलखात तुला किती नावांनी हाक मारतात! नारायणगावात तू मुक्ताबाई, ओझरला विघ्नेश्वर, लेण्याद्रीच्या कड्यात गिरिजात्मज, वर ढगांत भीमाशंकर. मशिदीत तुझं नाव वेगळं. बुद्धविहारात तर तुझ्यावाचूनच भागतं. ज्या नावानं आज ऐकशील त्या नावानं ऐक. पावसाचं आणि टोमॅटोच्या भावाचं मागणं आज नाही. ते चालूच आहे, त्याचा अर्ज वेगळा. आजचं मागणं तुझ्या आणि सरकारच्या संबंधाचं आहे.

२०२१च्या सप्टेंबरात सुप्रीम कोर्टानं मध्य प्रदेशातल्या एका प्रकरणात सांगितलं, की देवळाच्या जमिनीचा मालक देव; पुजारी फक्त व्यवस्था पाहणारा, मालकाच्या रकान्यात त्याचं नाव नको. बातमी आली तेव्हा पारावर मोठी चर्चा झाली. कुणी म्हणालं, देवाला न्याय मिळाला. मला वाटलं, न्याय आम्हा पालकांना समजावला गेला. पालकानं भाकरी खाऊ घालावी, शेत स्वतःच्या नावावर करू नये, एवढी साधी गोष्ट सांगायला सर्वोच्च न्यायालय लागलं. आता हेच सरकारला कोण सांगणार? कारण तुझे पालक व्हायला आजकाल सगळेच उत्सुक आहेत. पुजारी, विश्वस्त, आमदार, मंत्री. तुला सज्ञान होऊ द्यायची कुणाची इच्छा दिसत नाही.

तुझी पेटी उघडतो तेव्हा देवळात सतरंजी अंथरतो. पंच बसतात, पोरं नाणी वेगळी करतात. कुंकू आणि तेल लागून चिकटलेली नाणी बँकेत घेत नाहीत, म्हणून ती बादलीत धुऊन वाळत घालावी लागतात. नोटांच्या घड्यांत चिठ्ठ्या असतात. ‘पोराला भरतीत घे.’ ‘सासूचं मन वळव.’ एकात कांद्याचा भाव नुसता आकड्यात लिहिलेला होता, पुढं काही नाही. चिठ्ठ्या आम्ही वाचू नयेत असा नियम मी घातला, तो पाळला जात नाही. मोजलेली रक्कम वहीत चढते, वही लेखापरीक्षकाकडे जाते, तिथून धर्मादाय खात्यात. १९५०चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा हे आमच्या पाठीवरचं ओझं आहे असं पुष्कळ विश्वस्तांना वाटतं. मला तसं वाटत नाही. ज्या बाईनं दहाची नोट कमरेच्या पिशवीतून काढून तुला वाहिली, तिला हिशेब मागता येत नाही. तो तिच्या वतीनं कुणीतरी मागितला पाहिजे.

पण मागणाऱ्यालाही कुंपण हवं, आणि ते कुंपण घातलं गेलं म्हणून तुझे आभार मानतो. रतिलाल पानाचंद गांधी नावाचे एका जैन देवळाचे व्यवस्थापक या कायद्याविरुद्ध कोर्टात गेले. १९५४ साली निकाल लागला. हिशेब तपासा, नोंदणी करा, त्या कामाची फी घ्या, इथवर सरकारचं बरोबर; पण एका धर्माच्या कामासाठी दिलेला पैसा उचलून भलतीकडे वळवायचा, किंवा सरकारी अधिकाऱ्यालाच देवस्थानाचा विश्वस्त करून बसवायचं, हे चालणार नाही, असं कोर्टानं म्हटलं. सरकारनं वही पाहावी, गादीवर बसू नये. ही रेघ पुसली की काय होतं तेही आम्ही पाहिलं. शिर्डीला कायद्यानं सरकारनियुक्त मंडळ आलं, त्यावर राजकारणातली माणसं बसली, आणि २०२२ साली औरंगाबाद खंडपीठाला ते मंडळ बरखास्त करावं लागलं. पुजाऱ्याच्या हातून सुटलेला देव पक्षाच्या हाती लागला, तर त्यात तुझी सुटका कसली?

देवा, १७ ऑक्टोबर १९४९ची तारीख तुझ्या लक्षात असेलच. त्या दिवशी दिल्लीत तुझ्या नावावर मतदान झालं आणि तू हरलास. घटनेच्या उद्देशिकेची सुरुवात ईश्वराच्या नावानं करावी, अशी दुरुस्ती ह. वि. कामथांनी मांडली होती. माणूस तळमळीचा, तुझ्यावर खरी निष्ठा असलेला. आसामचे रोहिणीकुमार चौधरी उठले आणि म्हणाले, आमच्या कामरूपात देवीची पूजा होते, तेव्हा देवीचंही नाव घ्या. एकदा एक नाव आत घेतलं की पुढचं नाव दारात उभंच असतं, हे तिथल्या तिथं सिद्ध झालं. पूर्णिमा बॅनर्जींनी विनवलं, की देवाला मताला टाकू नका. हृदयनाथ कुंझरू, जे आपल्या पुण्याच्या भारत सेवक समाजाचे अध्यक्ष होते, त्यांनी वेगळंच बोट ठेवलं: श्रद्धेचं आणि उपासनेचं स्वातंत्र्य देणारं वचन आपण ज्या उद्देशिकेत लिहितोय, तिच्याच पहिल्या ओळीत न मानणाऱ्यावर देव कसा लादायचा? कामथ हटले नाहीत. हात वर झाले. बाजूनं ४१, विरुद्ध ६८.

तुझ्या भक्तानं असं म्हणावं का ठाऊक नाही, पण तू हरलास ते फार बरं झालं. विरुद्ध हात वर करणाऱ्या त्या ६८ जणांत सगळे नास्तिक थोडेच होते? सकाळी संध्या करून, नमाज पढून, गीता वाचून आलेली माणसंही त्यांत असतील. आपल्या देव्हाऱ्यातला देव त्यांनी कायद्याच्या पहिल्या ओळीत बसवायचं नाकारलं, यात तुझा अपमान नव्हता. ज्याच्या देव्हाऱ्यात तू नाहीस, त्याचाही तो कायदा होता. तुला मात्र त्यांनी अगदीच हाकललं नाही. तिसऱ्या अनुसूचीत शपथेचे दोन नमुने ठेवले: ईश्वरसाक्ष शपथ घ्या, नाहीतर गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करा. मंत्री कोणती घेतो हे मी टीव्हीवर कान देऊन ऐकतो. पुढच्या पाच वर्षांच्या त्याच्या वागणुकीवरून मात्र तू साक्षीला होतास की नव्हतास हे ओळखता येत नाही, एवढं नोंदवून ठेवतो.

अशी घटना नव्हती तेव्हा कसं होतं, हेही आमच्या तालुक्यात दगडावर लिहिलेलं आहे. नाणेघाटाच्या गुहेत सातवाहन राणीचा लेख आहे. केलेले यज्ञ आणि वाटलेली दक्षिणा, गाई, घोडे, हत्ती, कार्षापणं, सगळी यादी. आणि त्याच घाटावरून मालाचे तांडे आणणाऱ्या व्यापाऱ्यांनी जुन्नरभोवतीच्या डोंगरांत बौद्ध भिक्षूंसाठी लेणी खोदवली. लेण्याद्रीचं चैत्यगृह कल्याणच्या सुलसदत्तानं दिलं, मानमोडीला नहपानाच्या अयम नावाच्या अमात्यानं दान दिलं, यवनांचीही नावं आहेत. पुढं त्याच लेण्याद्रीच्या एका विहारात गिरिजात्मज येऊन राहिला, आणि आज त्याच्या दर्शनाला जाताना पुरातत्त्व खात्याचं तिकीट काढावं लागतं. लोक कुरकुरतात. मला त्या तिकिटात काही वावगं वाटत नाही; भिक्षूंच्या घरात गणपती आणि राखण सरकारची, असा तिघांचा संसार तिथं बरा चाललाय.

राजाच्या राज्यात असं चालतं ते राजाच्या मर्जीवर. मर्जी फिरली की काय होतं ते भीमाशंकरच्या घंटेला विचारावं. ती घंटा पोर्तुगीज चर्चची. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली, तिथल्या घंटा मराठी मुलखात आल्या आणि देवळांत टांगल्या गेल्या. वसईच्या बाजूला पोर्तुगिजांनी देवळांचं काय केलं होतं ते लोकांच्या मनात ताजं होतं, म्हणून त्या घंटांचा नाद गोड लागला असेल. मी लहानपणी ती वाजवली आहे. पण देवा, दोन्ही वेळी घंटा तुझीच होती ना? शिपाई बदलले, खांब बदलला. जिंकणाऱ्याचा देव आणि हरणाऱ्याचा देव अशी तुझी वाटणी करणारं राज्य पुन्हा नको, मग ते आमच्या बाजूचं असलं तरी नको. आमच्या बाजूचं असेल तर जास्तच नको, कारण तेव्हा आम्हाला ते दिसणार नाही.

धर्माच्या हाती राज्याचा शिक्का गेला की काय होतं, त्याचंही स्मारक आमच्याच तालुक्यात आहे. आळ्याला रेड्याची समाधी आहे. संन्याशाच्या पोरांना शुद्धिपत्र हवं होतं, पैठणच्या धर्मपीठानं त्यांना ताटकळत ठेवलं, आणि मग रेड्याच्या तोंडून वेद वदवावे लागले, अशी कथा. लोक चमत्काराला हात जोडतात. मी त्या शुद्धिपत्राकडे पाहतो. पोरांच्या जन्माचा दाखला देवाच्या माणसांनी अडवून धरला होता. आज तो दाखला ग्रामपंचायतीत मिळतो, आणि लिहून देणारा बापाचं गोत्र काढत बसत नाही.

आता दाराचं बोलतो. इथं मला सरकार तुझ्या अंगणात यायला हवं वाटतं, आणि ते आलं म्हणून मी तुझ्यापुढं उभा राहून त्याचे आभार मानतो.

आमच्याकडे यात्रा म्हणजे सकाळी अभिषेक, दुपारी घाटात बैलगाडा आणि रात्री तमाशा. नारायणगावला लोक तमाशापंढरी म्हणतात. गुढीपाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच येऊन सुपारी ठरवतात, आपल्या देवाच्या यात्रेला कुठला फड ते इथं नक्की होतं. राहुटीत बाजेवर बसलेला मॅनेजर, समोर तारखांची वही, आणि तीन गावांना हवी असलेली एकच रात्र. घासाघीस संपली की चहा येतो. त्या रात्री खेळाची सुरुवात गणानं होते, म्हणजे आधी तुलाच वंदन. पण ज्यांच्या गळ्यातून तो गण निघायचा त्यांना एके काळी तुझ्या गाभाऱ्याची पायरी चढू देत नव्हते. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. आडनावापाशी जात आणि गाव दोन्ही लावून उभी राहिलेली बाई. बाळंतपणाच्या कळा आल्या तर पडद्यामागं जाऊन मोकळी झाली आणि पुन्हा बोर्डावर आली, अशी तिची गोष्ट सांगतात. १९५७ आणि १९९० साली राष्ट्रपतींच्या हातून तिला सन्मान मिळाला. तुझ्या नावाच्या यात्रेत तिनं आयुष्य घालवलं आणि तिचं मोठेपण आधी ओळखलं ते सरकारनं, याची मला तुझ्यापुढं थोडी लाज वाटते.

साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये पंढरपुरात दहा दिवस अन्न सोडलं तेव्हा विठोबाचं दार अस्पृश्यांना उघडलं. गुरुजींचं मन तुझ्याजवळ होतं म्हणून ते उपाशी बसले. पण प्रत्येक गावाला साने गुरुजी कुठून आणायचे? म्हणून कायदा लागतो. १९५६चा प्रवेशाचा कायदा सांगतो, की देवळात जाणाऱ्याला अडवलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. तो कायदा साठ वर्षं जुना झाल्यावर १ एप्रिल २०१६ला मुंबई हायकोर्टानं पुन्हा वाचून दाखवला, की यात बायकाही आल्या, आणि त्याच महिन्यात गुढीपाडव्याला शनिशिंगणापूरचा चौथरा सगळ्यांना खुला झाला. पंढरपूरच्या बडवे-उत्पातांचे वंशपरंपरेचे हक्क १९७३च्या कायद्यानं काढून घेतले; कोर्टकज्जे चालत चालत २०१४च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टात संपले. त्यानंतर पूजेसाठी मंदिर समितीनं अर्ज मागवले ते जात न पाहता, बायकांकडूनही. घटनेचं पंचविसावं कलम धर्माचं स्वातंत्र्य देतं आणि त्याच दमात हिंदूंच्या सार्वजनिक देवळांचं दार सगळ्या हिंदूंना उघडण्याचा अधिकार सरकारला देतं. हे परस्परविरुद्ध आहे असं पंडित लोक सांगतात. दाराबाहेर उभं राहून पाहणाऱ्याला त्यात विरोध दिसत नसावा.

बैलगाड्याचं मात्र मन दोन्हीकडे ओढतं. घाटात भंडारा उधळलेला असतो, पुढं घोडी उभी, मागं बैल फुरफुरत असतात, निवेदकाचं ‘भिर्रर्र’ कानात घुमत असतं आणि बारी सुटली की अख्खा डोंगर उभा राहतो. फळीफोड कुणाचा, घाटाचा राजा कोण, यावर सोयरिकी मोडायच्या बाकी राहतात. ७ मे २०१४ला सुप्रीम कोर्टानं जल्लीकट्टूबरोबर आमचाही गाडा थांबवला. आम्ही म्हणालो, हा धर्मावर घाला आहे, देवाचा नवस आहे, खंडोबा कोपेल. तू कोपलास का? मला तरी दिसलं नाही. टोचणी खाणारा, शेपूट पिरगाळून घेणारा बैल काही तुझ्या नवसाला बांधील नव्हता. पुढं विधिमंडळानं २०१७ला कायदा बदलला, १६ डिसेंबर २०२१ला अटींवर परवानगी आली, १८ मे २०२३ला घटनापीठानं कायदा ग्राह्य धरला. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, जनावरांचा डॉक्टर लागतो, अनामत भरावी लागते, काठीला आणि टोचणीला बंदी आहे. मी घाटात जातो, टोपी उडवतो. पण हे आम्हाला आवडतं म्हणून करतो, असं सरळ म्हणायची ताकद दे. आवडीला तुझ्या नावाचं कव्हर घालायची सवय मोड.

आणि निवडणूक. देवा, त्या महिन्यात तुझी जी दगदग होते ती माझ्यानं बघवत नाही. नारळ फोडून फोडून पायरी निसरडी होते. रात्री पाकिटं वाटतात आणि सकाळी बेलभंडारा उचलायला लावतात, की घेतलंस तर दिलंच पाहिजेस. म्हातारी माणसं तुझ्या भीतीनं दिलेला शब्द पाळतात. वाटणाऱ्याला तुझी भीती कधीच नसते. १९५१चा लोकप्रतिनिधित्व कायदा मी एकदा वाचायला घेतला तेव्हा कलम १२३ वर थबकलो. अमक्याला मत दिलं किंवा दिलं नाही तर देवाचा कोप होईल, असं मतदाराच्या मनात भरवणं हा भ्रष्ट आचार आहे, असं तिथं स्पष्ट लिहिलंय. तुझ्या कोपाचा उल्लेख भारताच्या कायद्यात आहे, तो तुझा वापर करणाऱ्यांपासून आम्हाला वाचवायला. त्याच कलमाखाली १९८७च्या विलेपार्ले पोटनिवडणुकीतली भाषणं महागात पडली. निवडणूक रद्द झाली, आणि बाळासाहेब ठाकऱ्यांचा मताचा हक्क सहा वर्षं गेला. १९९०च्या सांताक्रूझच्या निवडणुकीतून निघालेल्या खटल्यात २ जानेवारी २०१७ला सात न्यायमूर्तींनी चार विरुद्ध तीन मतांनी सांगितलं, की उमेदवाराचाच काय, मतदाराचाही धर्म काढून मत मागता येणार नाही. तीन न्यायमूर्तींचं म्हणणंही हलकं नव्हतं: धर्मामुळं, जातीमुळं ज्यांना मार बसला त्यांनी ते दुःख प्रचारात बोलायचंच नाही का? हा प्रश्न मी तुझ्याकडे ठेवतो, मला तो सुटत नाही.

पण उमराण्याचं मला सुटलं. नाशिक जिल्ह्यातल्या त्या गावात २०२०च्या अखेरीस सरपंचपदाची बोली लागली. दोन कोटी पाच लाख. पैसा कुणाच्या खिशात जाणार नव्हता. देऊळ बांधायचं होतं. गाव खूश, निवडणुकीचा खर्च नाही, भांडण नाही, वर तुझं घर होतंय. राज्य निवडणूक आयोगानं जानेवारी २०२१ मध्ये ती निवडणूक रद्द केली. तेव्हा आमच्या कट्ट्यावर आयोगाला शिव्या बसल्या: देवाच्या कामात कशाला आडवं यायचं? त्या दोन कोटी पाच लाखांत गावातल्या प्रत्येकाचं मत परस्पर विकलं गेलं होतं, ज्याला देऊळ नको त्याचंही, जी नव्यानं अठरा वर्षांची झाली तिचंही. अशा पायावर उभ्या राहिलेल्या गाभाऱ्यात तू राहिला असतास?

आषाढीला मुख्यमंत्री पहाटे विठ्ठलाची महापूजा करतात, शिवजयंतीला शिवनेरीवर शिवाईची पूजा होते. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला समाजवादी मंडळींनी विचारलं होतं, की सगळ्या धर्मांच्या सरकारनं एका देवाची पूजा का करावी? काही काळ पूजा थांबली, दुष्काळ पडला, पूजा पुन्हा सुरू झाली. तर्क समाजवाद्यांचा बरोबर होता असं मला अजून वाटतं. तरी टीव्हीवर मानाच्या वारकऱ्याचं जोडपं मुख्यमंत्र्यांशेजारी उभं दिसलं की बरं वाटतं, हेही खोटं नाही. रांगेत तासन्‌तास उभ्या राहिलेल्या त्या बाईचे हात, आणि शेजारी ज्यांच्यासाठी रांग थांबली ते हात. देवा, त्या पहाटे तू आधी कुणाकडे बघतोस ते मला ठाऊक आहे. २०२०च्या आषाढीला तर पादुकाच एसटीतून गेल्या आणि त्या वर्षी देवळांची दारं सरकारनं बंद ठेवली. ऑक्टोबरात राज्यपालांनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून टोमणा मारला, की तुम्ही अचानक धर्मनिरपेक्ष झालात काय. राज्यपालांनी घटनेची शपथ घेऊन हा शब्द टोमण्यासारखा वापरावा, याचं मला दारं बंद असण्यापेक्षा जास्त वाईट वाटलं.

पोलीस ठाण्यातल्या टेबलाचा विचार कर. यात्रेचा अर्ज, उरुसाचा अर्ज, भीमजयंतीच्या मिरवणुकीचा अर्ज, एकाच आठवड्यात येतात. रात्री दहानंतर भोंगा बंद, हा नियम कीर्तनाला, अजानला आणि आमच्या तमाशाला सारखा आहे. तमाशाला तो सगळ्यांत जास्त लागतो, कारण वग रंगायची वेळच ती. त्या टेबलामागं बसणाऱ्याला एवढं दे, की अर्जावरचं नाव वाचून त्याचं पेन हलकं किंवा जड होऊ नये. आणि आमच्या पोरांना एवढं दे, की दुसऱ्याची मिरवणूक आपल्या दारावरून गेली म्हणजे आपला देव बाटला असं त्यांना वाटू नये.

आता घरचं. आमच्या देवळाला ‘क’ वर्ग तीर्थक्षेत्राचा दर्जा मिळावा अशी खटपट गावात चालू आहे. सरकार तुझी वर्गवारी करतं, अ, ब, क. तू क मध्ये बसशील अशी आशा आहे. दर्जा मिळाला की निधी, निधी आला की सभामंडप, सभामंडपाला कमान, कमानीवर नाव, आणि ते नाव तुझं नसेल. सत्ताविसावं कलम म्हणतं, एखाद्या धर्माच्या संवर्धनासाठी कुणाकडून कर घेता येणार नाही. रस्ता, पाणी, संडास यात्रेकरूंसाठी करायला माझी हरकत नाही, ते माणसांसाठी असतं. पण मंडप तुझा आहे. तो वर्गणीतून व्हावा. नवीन टोमॅटोचे पैसे आले की लोक देतील, वीस वर्षं लागली तर लागू देत. आणि निधीच हवा असेल तर मराठी शाळेच्या पत्र्यातून पावसाळ्यात पाणी गळतंय, तिथं मागू.

पुढच्या ग्रामसभेत हा विषय आहे आणि मी उठून बोलणार आहे. देवाचा विश्वस्तच देवाच्या निधीला आडवा आला, असं म्हणतील. म्हणणारे माझेच भाऊबंद असतील, ज्यांच्याबरोबर माझी पाण्याची पाळी आहे आणि ज्यांचा ट्रॅक्टर मी मागून आणतो. तेव्हा माझा आवाज चढू देऊ नकोस, त्यांचाही चढू देऊ नकोस. ठराव त्यांच्या बाजूनं झाला तर तो मान्य करून वहीत नीट लिहायची बुद्धी दे, आणि सही करायची वेळ आली तर विरोध नोंदवून सही करायची. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाटावर पाणी सोडताना आमचं बोलणं बंद नसू दे.